कोण राहिलं शिवारात?

खट्.

टेपरेकॉर्डरचं बटण आपोआप वर यायचं, तेव्हा हा आवाज व्हायचा. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे केस काळे होते आणि माझा मुलगा नुकताच शाळेत जायला लागला होता. साखरखेर्ड्याच्या बाजारात भाजी विकून घरी येताना मी एक कॅसेट आणली होती. प्रसेनजित नावाच्या एका नव्या गायकाची. तो गाणी स्वतः लिहायचा, चाल स्वतः लावायचा आणि पेटी मांडीशी घेऊन स्वतःच गायचा. माझं शिक्षण फार नाही, पण त्याचे शब्द मला समजायचे. आमच्या घरात, आमच्या शेतात बोलतात तेच शब्द होते ते.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी एक गाणं होतं.

‘दिवा लागला, गुरं परतली, धूर चढला आभाळात,
माय उंबऱ्यात उभी पुसते, कोण राहिलं शिवारात?’

सगळं गाव घरी परतलं आहे आणि एक जण आला नाही, असं ते गाणं. माय विहिरीला विचारते, झाडाला विचारते, वाटेला विचारते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तोच प्रश्न. आमच्याकडच्या गायकांची एक रीत आहे. गाणं लिहिणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. ते नाव आलं की ऐकणाऱ्याला कळतं, गाणं पुरं झालं. या गाण्यात तर ते नाव हेच उत्तर असणार, हे उघड होतं. तिसरं कडवं संपायचं. पेटीवर चौथ्याचे सूर लागायचे. गायक श्वास घ्यायचा, तो श्वाससुद्धा ऐकू यायचा. आणि खट्. फीत संपायची.

“अहो, मग राहिलं कोण?” माझी बायको चांगुणा त्या दिवशी म्हणाली. भाकरीचा हात तसाच हवेत धरून.

“मले काय माहीत.”

पुढं कितीतरी वर्षं ती हे विचारत राहिली. कॅसेट झिजली, यंत्र मोडलं, मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तो पुण्याकडे कंपनीत कामाला गेला. चांगुणाच्या तोंडातलं गाणं तेवढं राहिलं. चुलीपुढं बसून ती गायची आणि शेवटी स्वतःच काहीतरी जोडायची. कधी शेळी राहिली म्हणायची, कधी मलाच शिवारात ठेवून द्यायची आणि हसायची. प्रसेनजितचा कार्यक्रम कधी देऊळगाव राजाला असायचा, कधी लोणारला. पण कधी पाण्याची पाळी, कधी कोणाचं दुखणं. जाणं झालंच नाही.

या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. जालन्याच्या डॉक्टरनं माझ्या मुलाला बाहेर नेऊन काय सांगितलं, ते मुलाच्या तोंडावरून मला कळलं. चांगुणालाही कळलं. तिनं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. रात्री ती उशी पोटाशी दाबून बसायची. मी पाठीवरून हात फिरवायचो. दुसरं काय करणार?

आमची नात प्रतीक्षा आमच्याजवळच वाढली. सतरा वर्षांची पोरगी, आणि तोंडाला पट्टी नाही. घरात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. वैशाखातल्या एका दुपारी ती मोबाईल नाचवत आली.

“आजी, तुहा प्रसेनजित येऊन राह्यला! बुद्धपौर्णिमेले. लोणारच्या अलीकडं.”

“माहा कायचा वं,” चांगुणा म्हणाली. पण उठून बसली. कितीतरी दिवसांनी ती कोणी न उठवता उठून बसली होती.

पौर्णिमेच्या संध्याकाळी मी ओळखीच्या माणसाचा ऑटो सांगितला. चांगुणानं पांढरं लुगडं नेसलं. प्रतीक्षानं तिच्या तोंडाला पावडर लावली.

“पाहा आबा, कशी दिसते नवरी! लग्नात तरी लावली होती काय पावडर?”

“लग्नात पावडर कोणापाशी होती वं,” चांगुणा म्हणाली. “हयद होती. अन् हे ऊन लागून काळे ठिक्कर.”

“आता गोरे झाले काय मग आबा?”

आम्ही तिघंही हसलो. त्या घरात आम्ही तिघं एकदम हसलो, ते तेव्हाचं शेवटचं.

कार्यक्रम गावाच्या कडेला, शाळेच्या मैदानावर होता. एका बाजूला मंडप, पुढं सतरंज्या, बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. स्टेजच्या पाठीमागं कापडी पडदा आणि पडद्यामागं शिवार. पेरणीआधीची रानं, नांगरून पडलेली. झाड नाही, घर नाही, टेकडी नाही. चांदणं होतं, तरी ट्यूबलाइटच्या उजेडात बसल्यावर त्या बाजूला काळोखच दिसायचा.

प्रसेनजित स्टेजवर आला तेव्हा मला वाईट वाटलं. माझ्या मनात तो तरणा होता. हा तर वाळून गेलेला माणूस, गालफडं बसलेली, पांढरा सदरा खांद्यावरून ओघळणारा. पण पेटीवर बोटं पडली, तोंड उघडलं, आणि आवाज तोच. तिळभर कमी नाही. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. चांगुणानं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. प्रतीक्षा तिला टेकू देऊन बसली होती आणि मोबाईलवर सगळं उतरवून घेत होती.

एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली, पण मी ती मनावर घेतली नाही. गाणं संपलं की लोक टाळ्या वाजवायचे. आणि मैदानातल्या टाळ्या थांबल्या की थोड्या वेळानं पडद्यामागून, लांबून, पुन्हा टाळ्या यायच्या. थोड्याच. संथ. मला वाटलं आवाज घुमतो आहे. पण आवाज घुमायला समोर काहीतरी असावं लागतं. तिथं काहीच नव्हतं.

फर्माईश घ्यायला एक जण लोकांमधून फिरत होता. अंगात जाकीट, हातात कागद. माइकवर नावं पुकारणारा तोच. तो बायकांपाशी आला तसा मीही उठून तिकडं गेलो.

“बोला आजी, कोणतं गाणं?”

चांगुणानं सांगितलं. “पण त्याले म्हणा, पुरं गा. शेवटच्या कडव्यासगट.”

“नाव?”

ती लाजली. इतकी दुखणाईत बाई, पण लाजली. “माहं नाव नोको घेऊ बापा माइकवर. लोक म्हणतीन, म्हातारीले काय सुचलं या वयात. हिच्या नावानं सांग. माह्या नातीच्या. प्रतीक्षा.”

आमच्याकडं बाया असंच करतात. लेकराचं नाव पुढं करतात. माइकवर लेकराचं नाव आलं की त्यांनाच बरं वाटतं.

“जोरात सांगजो बरं दादा,” प्रतीक्षा म्हणाली. “माह्या मैत्रिणी बसल्या तिकडं.”

मधल्या सुटीत सगळ्यांना खीर वाटली. चांगुणा म्हणाली, “अहो, एकदा पाया पडून येऊ त्याच्या.” ती वयानं त्याच्याहून मोठी होती, पण तसं म्हणाली. प्रतीक्षा मैत्रिणींकडं गेली होती. मी चांगुणाला धरून स्टेजच्या मागं नेलं.

तिथं एका खुर्चीवर प्रसेनजित एकटाच बसला होता. खिरीचा द्रोण हातात तसाच. त्याचं तोंड शिवाराकडं होतं. पावसाला अजून महिना होता, माती तापून फुटली होती, पण त्या बाजूनं ओलसर गार वास येत होता. कित्येक दिवस झाकून ठेवलेली विहीर उघडल्यावर येतो तसा.

“जय भीम,” मी म्हणालो.

तो दचकला. मग हात जोडून उठला. चांगुणाला त्यानं खुर्ची दिली. “बसा माय.”

चांगुणानं त्याला सगळं सांगितलं. कॅसेट, चूल, शेळी. तो आधी हसला. मग ती म्हणाली, “तेवढं शेवटचं कडवं आज म्हणा. तेवढंच ऐकाचं राह्यलं माहं.” आणि त्याचं हसू मालवलं.

“ते मी म्हणत नाही, माय.”

“काऊन?”

तो बोलला ते इतक्या हळू, की मला पुढं वाकावं लागलं.

“कडव्यात मी माझंच नाव लिहिलं होतं. पण ते तोंडात येत नाही. म्हणायला गेलो की दुसरंच येतं. ज्यानं मागितलं त्याचं.”

“म्हंजे?”

“रेकॉर्डिंगच्या वेळी मी थकलो होतो. तीन कडव्यांवर सोडू म्हणत होतो. आमचा बँजोवाला म्हणाला, नाही, पुरं होऊ द्या... मी म्हटलं, आणि तोंडात त्याचं नाव आलं. सगळे हसले. कंपनीवाल्यानं तेवढा तुकडा कापला.” त्यानं शिवाराकडं पाहिलं. “बँजोवाला त्या दिवसापासून बोलायचा बंद झाला. एकही शब्द नाही. जेवायचा, झोपायचा, बोलायचा नाही. आणि पावसाळ्यात एक दिवस दिवेलागणीला घरातून उठला आणि चालत गेला. अजून सापडला नाही.”

मी खिरीचा द्रोण खाली ठेवला.

“मला वाटलं, योगायोग. पुढं लोकांनी हट्ट केला म्हणून पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी तेच. आधी बोलणं जातं, मग माणूस. म्हणून नको म्हणतो, माय.”

मी चांगुणाचा हात धरला. “चल. खीर खाल्ली, दर्शन झालं. चल घरी.”

ती उठली नाही. ती प्रसेनजितकडं पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. फार दिवसांनी कुठंतरी सावली दिसावी, तसा तो चेहरा होता.

“चालत जाते?” तिनं विचारलं. “दुखत नाही त्याले?”

“माय...”

“मले रातभर दुखते बापा. जाचं तं हायेच मले. खाटेवर सडण्यापेक्षा उठून चालत गेली तं काय वाईट?”

“चांगुणा, काय बोलून राह्यली तू!” माझा आवाज फुटला. “तू चालली जाशीन अन् मी काय करू?”

ती माझ्याकडं वळली. माझ्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं राहिलं होतं, ते तिनं लावलं.

“तुम्ही दिवा लावान,” ती म्हणाली.

प्रसेनजितनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. हातांआडूनच तो म्हणाला, “आजवर ज्यांची नावं आली, त्यांना काही माहीत नव्हतं. जाणून मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” मग माझ्याकडं बघून, “बाबा, तुम्ही नको म्हणा. मी नाही म्हणणार.”

नको म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिच्या पोटात कळ आली. तिनं आवाज केला नाही, फक्त माझं मनगट धरलं. मनगटावर तिची नखं रुतली. मी काही बोललो नाही. यालाच त्यानं होकार धरला असावा.

सुटीनंतर पहिलंच गाणं तेच निघालं. त्यानं नाव सांगितलं नाही, प्रस्तावना केली नाही. नुसते सूर लावले, आणि जुन्या लोकांमधून एक हुंकार उठला. मी बायकांच्या बाजूलाच, चांगुणाच्या पाठीमागं जाऊन बसलो. कोणी काही म्हणालं नाही. तिचा खांदा मी धरून ठेवला. पलीकडं प्रतीक्षा मोबाईल वर धरून बसली होती.

पहिलं कडवं झालं. ‘कोण राहिलं शिवारात?’ लोकांनी ती ओळ उचलली. लोक थांबले, आणि पडद्यामागून तीच ओळ परत आली. लांबून. संथ. या वेळी मी एकट्यानं नाही ऐकली. आजूबाजूच्या दोन-चार बायांनी माना वळवल्या.

“मागं पण कोरस बसोला काय?” एक म्हणाली.

दुसरं कडवं.

‘विहिरीला मी जाऊन पुसलं, पाणी हललं अंधारात,
विहीर म्हणे मी ना पाहिलं, कोण राहिलं शिवारात?’

पुन्हा लोकांनी उचललं. पुन्हा तिकडून आलं. या वेळी जवळून. बांधावर कोणी उभे असावेत इतकं जवळून. आणि तो ओला वास आता सतरंज्यांवरही येऊ लागला.

तिसरं कडवं संपलं. मध्ये बँजोची जागा होती. आमच्याकडच्या कार्यक्रमात अशा मोकळ्या जागेत फर्माईश करणाऱ्यांची नावं पुकारतात, ही रीतच आहे. जाकीटवाला कागद घेऊन दुसऱ्या माइकपाशी आला. त्यानं त्याचं काम केलं.

“हे गाणं ज्यांच्या फर्माईशीवरून सादर होत आहे... आपल्या साखरखेर्ड्याकडून आलेल्या... कुमारी प्रतीक्षा!”

बायांमधून पोरींच्या शिट्ट्या आल्या. प्रतीक्षा लाजून हसली.

चांगुणाचा खांदा माझ्या हाताखाली दगडासारखा झाला. प्रसेनजितनं मान वर केली. त्यानं जाकीटवाल्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं. त्याचे डोळे मला अजून दिसतात.

मी उठलो. “नाव बदला!” मी ओरडलो. “तिचं नाही! माहं घ्या! शंकर! माहं नाव शंकर!”

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, “बाबाले रंग चढला बे!” कोणी मला धरून खाली बसवायला लागलं. मी त्यांच्या हातांतून पुढं जायला बघत होतो. ढोलकवाला थांबला. बँजो थांबला. प्रसेनजितनं पेटीचा भाता बंद केला आणि आपला उजवा हात आपल्याच तोंडावर घट्ट दाबला.

तेवढ्यात दहा वाजले असावेत. कडेला उभ्या पोलीस शिपायानं हात केला आणि माइक बंद झाला. सगळीकडं एकदम शांत झालं. मला वाटलं, सुटलो. फीत संपते तसं गाणं इथंच तुटलं. मी तिथं मातीत बसलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

आणि पडद्यामागून चौथं कडवं सुरू झालं.

पेटी नाही, ढोलक नाही. नुसते गळे. बायांचे, माणसांचे, त्यात एक अगदी कोवळा. घाई नाही. दळताना गातात तसं.

‘हाक आली गं बांधावरून, ओळखीच्या आवाजात,
दिवा मालव माय, वाट नको पाहू, प्रतीक्षा राहिली शिवारात.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पडद्यामागं कलाकार बसवले होते. किती सुंदर कल्पना, असं एक मास्तर म्हणाला. प्रसेनजित हात तोंडावर तसाच धरून बसला होता. त्याच्या बोटांमधून पाणी ओघळत होतं. घाम की आसवं, मला सांगता येणार नाही.

मी धडपडत प्रतीक्षाजवळ गेलो. ती मोबाईल खाली घेत होती. माझ्याकडं पाहून हसली. मी तिचे गाल चाचपले, हात चाचपले.

“बाई, बोल. काही तरी बोल माह्याशी.”

ती हसत राहिली. तिनं माझ्या डोळ्यांचं पाणी ओढणीनं पुसलं. पण बोलली नाही.

घरी येताना ऑटोत चांगुणा तिला सारखी हलवत होती. “कशी दिसत होती वं मी? सांग न. आबा कसे बोंबलले, सांग न. हास न मले.” ती आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून बाहेर बघत होती. दोन्ही बाजूंनी उघडी रानं होती.

त्यानंतर तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. मुलगा-सून पुण्याहून आले. बुलढाण्याला नेलं, जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, गळा चांगला आहे, मेंदू चांगला आहे, मनावर काहीतरी घेतलं आहे. हळूहळू बोलेल. सून तिला पुण्याला घेऊन गेली, पण तिथं ती जेवेना. दार उघडून उभी राहायची. मग परत आमच्याकडं आणून सोडली. इथं जेवायची. भांडी घासायची, चांगुणाचे पाय दाबायची. हाक मारली की बघायची, हसायची. घरात आता ताट ठेवल्याचाही आवाज मोठा वाटतो.

मी प्रसेनजितला फोन केला. त्याला म्हटलं, पुन्हा म्हण. मी मागतो. माझ्या नावानं मागतो. माझं घे आणि तिचं परत दे.

“बाबा,” तो म्हणाला, “हे मी करून पाहिलं नसेल का? बँजोवाल्यासाठी मी माझ्याच नावानं मागितलं होतं. घरात, एकट्यानं, दार लावून. कितीदा तरी.” मग म्हणाला, “दिलेलं नाव परत येत नाही. एका आईनं पुढं केलेलं, नुकतं चालायला लागलेल्या लेकराचं नावसुद्धा नाही आलं.”

तो आता कुठंच गात नाही, असं त्याचा ढोलकवाला राजकुमार म्हणाला.

दुसरं एक झालं. ते सांगायला जीभ वळत नाही. चांगुणाचं दुखणं थांबलं. ती रात्रभर झोपते. भाकर खाते. जालन्याच्या डॉक्टरनं पुन्हा तपासलं आणि कागद कितीदा तरी उलटून पाहिले. गाठ आहे, पण मुकी झाल्यासारखी पडून आहे म्हणाला. दवाखान्याच्या बाहेर येऊन चांगुणा पायरीवर बसली आणि तिनं आपल्याच तोंडात मारून घ्यायला सुरुवात केली. मी तिचे हात धरले. रस्त्यावरचे लोक बघत होते.

मोबाईलमध्ये त्या रात्रीचं सगळं आहे. मी एकदाच ऐकलं. मुलानं लावून दिलं होतं. शेवटच्या कडव्यातला तो कोवळा गळा... मुलाच्या हातातून मोबाईल पडला. बापाला लेकीचा आवाज ओळखू येणारच. मोबाईल धरून ती माझ्या नजरेसमोर बसलेली होती, तिचे ओठ मिटलेले होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि आवाज तिचा होता.

तेव्हापासून आम्ही दिवेलागणीला भ्यायला लागलो. मुलगा महिनाभर राहिला, मग नोकरी जाईल म्हणून गेला. ऊन उतरलं की मी बाहेरच्या दाराला कडी घालायचो. चांगुणा उंबऱ्यात बसायची, पाय या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत पसरून. पोरगी मध्ये, आमच्या नजरेसमोर. शेजारचे विचारायचे, इतक्या लवकर दार काऊन लावता? आम्ही डास सांगायचो. पेरण्या झाल्या, सोयाबीन गुडघ्याला आलं. रोज अंधार पडायचा, रोज ती बसलेली असायची, आणि रोज मला वाटायचं, आज नाही. निदान आज नाही.

परवाही तसंच झालं. मी कडी घातली, दिवा लावला. वीज होती, तरी मी दिवा लावतो. चांगुणा उंबऱ्यात बसली. प्रतीक्षा तांदूळ निवडत होती. निवडता निवडता तिचा हात थांबला.

तिनं ताट बाजूला ठेवलं. मांडीवरचे दाणे झटकून ताटात टाकले, एकेक करून. मग उठली. मला उठायचं होतं. माझे पाय उठले नाहीत. माझ्या म्हातारपणामुळं नाही, हे मी शपथेवर सांगतो. घरात तो ओला वास भरला होता.

“प्रतीक्षा,” मी म्हणालो. “बाई... बस.”

ती आजीजवळ जाऊन उभी राहिली. चांगुणानं तिचे दोन्ही पाय कवटाळले. “नोको जाऊ माय. मी जाते. मले ने म्हणा, मी मागतलं होतं, मी...” प्रतीक्षा वाकली. तिनं आजीची बोटं आपल्या पायांवरून सोडवली. हळूच, दुखू न देता. झोपलेल्या लेकराच्या मुठीतून पदर सोडवतात तसं. आणि चांगुणा बाजूला झाली. ती मला पुन्हा पुन्हा विचारते, अहो, मी काऊन बाजूले झाली?

कडी निघाल्याचा आवाज आला नाही. दार उघडं होतं.

अंगणात जाऊन ती थांबली. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं सोयाबीन, वर थोडा उजेड राहिलेला. कुत्री समोर बसली होती, भुंकली नाहीत. मला वाटलं, वळून बघेल. ती वळली नाही. ती खाली बघत होती, आपल्या डाव्या बाजूला. तिथं कोणी नव्हतं. तिनं डावा हात खाली केला, बोट पुढं केलं, आणि थोडी त्या बाजूला झुकली. नुकतं चालायला लागलेलं लेकरू बोट धरतं, तेव्हा मोठ्या माणसाला झुकावं लागतं, तितकीच.

मग त्या बोट धरणाऱ्याच्या पावलांनी, हळूहळू, ती सोयाबीनमधून चालत गेली.